पट्टीचा नाद

मागील अंकीं या सदरांत आम्हीं मोठ्या निश्चयानें असें लिहिलें होतें कीं, मेजाच्या कडेवर दाबून धरलेली फूटपट्टी छेडली असतां जो नाद उमटतो, तो पट्टीचा बाहेरील भाग निम्मा केल्यास एक सप्तक वर चढतो. तंबोऱ्याच्या तारेचा नियम आम्हांस पाठ होता. तोच पट्टीस लावून आम्ही मोकळे झालों.

अंक घरीं आला त्याच दिवशीं आमच्या धाकट्या बंधूंची कन्या तो हातांत घेऊन आमच्या खोलींत आली. ती सध्यां पेटीवर गाणें शिकते. "काका, हें एक सप्तक नाहीं, मीं वाजवून पाहिलें," असें ती म्हणाली. आम्हीं हिशेबाच्या कागदांतून मान वर न करतां, "पुस्तकांत तसेंच आहे," असें उत्तर दिलें. पुस्तकांत तसें नव्हतें, आणि आम्हीं तें उघडूनही पाहिलें नव्हतें. मुलांनीं पट्टी वाजविली कीं रागें भरावयाचें, हा आमच्या घरांतील जुना शिरस्ता. तेव्हां ती मुकाट्यानें परत गेली. रात्रीं पानावर बसलों असतां बंधु हळूच म्हणाले, "दादा, तिची पट्टी एकदां ऐकून तरी घ्या."

जेवणें आटोपल्यावर आमच्याच मेजावरील पोलादी पट्टी घेऊन आम्ही सारे बसलों. ही पट्टी सुमारें एक मिलिमीटर जाड आहे. २० सेंटिमीटर भाग बाहेर ठेवून छेडली, तेव्हां टोंक पंख्यासारखें पसरलेलें दिसलें, पण सूर म्हणावा असा ऐकूं आला नाहीं. अशी पट्टी सेकंदास सुमारें २० वेळां कांपते, आणि मनुष्याच्या कानाची खालची मर्यादाही साधारण तेथेंच आहे. ८ सेंटिमीटरवर सूर लागला. पेटीच्या खालच्या सप्तकाच्या आरंभाजवळ तो मिळाला. मग ४ सेंटिमीटर. मुलीनें पेटीवर एक सप्तक वर बोट ठेवलें, तें जुळेना. आणखी एक सप्तक वर नेलें, आणि जुळलें. मधला षड्ज कोठें गेला म्हणून तिनें पट्टी तसूतसूनें सरकविली, तों तो साडेपांच सेंटिमीटरच्या थोडा पलीकडे सांपडला. पट्टी अगदीं कडेवरच घट्ट दाबावी, एवढी खबरदारी हवी. नाहीं तर ती कडेवर आपटून नुसता खडखडाट होतो.

याचें कारण आम्हांस पूर्वींच सुचावयास हवें होतें. पट्टीचा बाहेरील भाग निम्मा केला असतां तिचें टोंक तितकेंच वांकविण्यास आठपट जोर लागतो. हलणारें वजन मात्र निम्मेंच उरतें. दोन्ही मिळून सोळापट झालें. कंपसंख्या याच्या वर्गमूळानें वाढते, म्हणून ती चौपट, म्हणजे दोन सप्तकें वर. ताणलेल्या तारेची गोष्ट निराळी. ती निम्मी केल्यास ताठरपणा दुप्पटच होतो, वजन निम्में, मिळून चौपट; आणि वर्गमूळ दोन.

मुलें आतां उठावयास तयार नव्हतीं. रबरी शिक्क्याच्या मुठीस दोरा बांधून लंबक केला. टांगल्या ठिकाणापासून वजनाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर लांबी असतां एक येरझार जवळजवळ एका सेकंदांत होते. दोन सेकंदांची हवी असल्यास लांबी एक मीटर करावी लागते. शिक्क्याऐवजीं किल्ल्यांचा जुडगा बांधला तरी, झोका लहान आणि लांबी तीच असल्यास, फरक पडत नाहीं, कारण वजन वाढलें तशी पृथ्वीची ओढही वाढते. मोबाइल मेजावर घुरघुरत सरकतो, तोही याच कुळांतला: पुष्कळांच्या आंत एका बाजूस जड असा ठोकळा गरगर फिरत असतो. पोकळ खणावर ठेवल्यास त्याचा आवाज वाढतो आणि घडी घातलेल्या रुमालावर दबतो, हें घरोघरीं पाहतां येईल.

कचेरी आणि कंप यांची जोडी कोणास विचित्र वाटल्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांचें स्मरण करावें. १९०७ सालीं ते सरकारच्या अर्थखात्यांत अधिकारी म्हणून कलकत्त्यास रुजू झाले. कचेरीपूर्वीं आणि कचेरी सुटल्यावर ते बहूबाजारांतील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेंत तारांचे कंप तपाशीत बसत. १९१७ सालीं ती मानाची नोकरी सोडून ते प्राध्यापक झाले, आणि १९२० सालीं त्यांनीं एका सहकाऱ्यासह मृदंग-तबल्याचा नाद सुरेल कां, याविषयींचें संशोधन प्रसिद्ध केलें. पुडीच्या मध्यभागीं दिलेल्या शाईच्या थरामुळें तिचे वरचे नाद मूळ नादाशीं पूर्णांकांच्या प्रमाणांत येतात. साध्या चामड्याचे तसे येत नाहींत. कचेरीची शाई सोडून त्यांनीं तबल्याची शाई धरली, असें आमचे बंधु म्हणाले. विनोद त्यांचा आहे, आमचा नव्हे.

वाचकांनीं मागील अंकांतील ‘एक सप्तक’ या शब्दांवर रेघ मारून ‘दोन सप्तकें’ असें लिहावें. आमच्या घरच्या प्रतींत ही दुरुस्ती जेवणापूर्वींच झालेली होती. पेन्सिलीनें, आणि अक्षर आमचें नव्हतें.