दुसऱ्या आवृत्तीची हाव

पहिली आवृत्ती गाजली की सॉफ्टवेअरवाल्यांना धीर येतो, आणि तिथंच घात होतो. पहिल्या वेळी हात राखून काम केलेलं असतं. वेळ कमी, पैसा कमी, जमेल की नाही याची धाकधूक. सुचलेली प्रत्येक कल्पना ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून बाजूला पडते. पुढची वेळ आली की सगळी थकबाकी एकदम वसूल होते.

फ्रेड ब्रुक्स यांनी हे अगदी जवळून पाहिलं. आयबीएमने १९६४मध्ये जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० संगणकांसाठी ओएस/३६० ही कार्यप्रणाली बांधण्याचं काम त्यांच्याकडे होतं. तिच्या रचनाकारांपैकी बहुतेकांच्या गाठीशी एकेका प्रणालीचा अनुभव होता. दोन बांधलेला माणूस विरळाच. १९७५च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात ब्रुक्स यांनी आपल्याच प्रकल्पाची झाडाझडती घेतली.

लीप वर्षातला ३१ डिसेंबर हा ३६६वा दिवस. तो बिनचूक धरावा म्हणून ओएस/३६०ने मेमरीतले २६ बाइट कायमचे अडवले. चार वर्षांतून एकदा येणारा दिवस. ऑपरेटरवर सोपवता आला असता. प्रोग्रामचे वेगवेगळे कंपाइल केलेले भाग जोडणाऱ्या लिंकेज एडिटरची गोष्ट तर याहून बोलकी. मोठा प्रोग्राम छोट्या मेमरीत चालवायचा तर त्याचे तुकडे पाडून आळीपाळीने एकाच जागेत आणायचे, हे जुन्या मशीनवरचं कसबी तंत्र. नव्या प्रणालीत मेमरी काम चालू असतानाच गरजेप्रमाणे मिळणार होती. तरी त्याच तंत्रावर इतकी कलाकुसर झाली, की पुन्हा कंपाइल करणं वाचवणारं हे साधन बहुतेक कंपायलरांपेक्षाही धीमं पडलं.

मला यात कसबावरचं प्रेम दिसतं. हातात बसलेली विद्या सोडवत नाही. म्हणून ही चूक हुशार माणसांकडून होते आणि बैठकीत तिला कुणी अडवत नाही.

ब्रुक्स यांचा उपाय रोखठोक आहे: मुख्य रचनाकार निदान दोन प्रणाली बांधलेला हवा, आणि प्रत्येक बारीक सोयीसाठी किती बाइट, किती मायक्रोसेकंद द्यायचे ते आधी ठरवा. मेमरी स्वस्त झाल्यापासून हा हिशेब सुटला. पण आज किराणा दुकानात पैसे द्यायला ॲप उघडावं तर आधी कर्ज, सोनं, विमा यांच्या जाहिराती बाजूला साराव्या लागतात. मागे रांग खोळंबते. गिऱ्हाइकाचा हा वेळही खर्चच आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या यादीत तो प्रत्येक ओळीपुढे लिहिलेला असावा, आणि लिहिलेला नसेल तर ती ओळ मंजूर करू नये.