डबी जुनी चालेल, केबल नवीच घ्या

आपल्या किल्ल्याजवळच्या किला गेटच्या गल्ल्यांत राहायचं घर एका इमारतीत आणि गोदाम किंवा शिकवणीची खोली चार घरं सोडून, हे नेहमीचंच. मग नेट दोन्हीकडे पोचवायला आपण काय करतो? गच्चीवरून लॅनची वायर फेकतो. मीही फेकली होती. एका पावसाळ्यात जवळच वीज पडली आणि स्विच, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, कॉम्प्युटर एका झटक्यात गेले. वायर मात्र शाबूत!

तांब्याची वायर दोन इमारतींची अर्थिंग एकमेकींना बांधते, आणि शंभर मीटरच्या पुढे तिचा भरवसाही नाही. त्याऐवजी फायबर टाका. फायबर म्हणजे काच. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. ‘ते मोठ्या कंपन्यांचं काम’ म्हणून घाबरू नका. दोन टोकांचे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन जोडणाऱ्या डब्या, एका बऱ्या मिक्सरपेक्षा स्वस्त पडतात.

काटकसर करायची ती इथे, डब्यांत. दिल्लीला नेहरू प्लेसला गेलात तर कंपन्यांनी काढून टाकलेले, एसएफपीची (फायबरचं मॉड्यूल बसवायची) खाच असलेले स्विच बघा. पण चालू करून ऐका. काहींचा पंखा रात्री झोपू देत नाही. शिवाय काही स्विच दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल घेतच नाहीत, म्हणून मॉड्यूल लावून, दिवा लागलेला पाहूनच पैसे द्या.

मॉड्यूलवरचं लेबल वाचा. सिंगल मोड, दहा किलोमीटरचं, आपल्याला तीनशे मीटरलाही चालतं. ऐंशी किलोमीटरचं स्वस्तात मिळालं तरी नको; त्याच्या झोतानं समोरचा रिसीव्हर आंधळा होतो, बिघडतोही. एकाच कोअरवर (काचेच्या एका तंतूवर) चालणारी जोडी घ्याल तर एक 1310 नॅनोमीटरवर पाठवणारं आणि 1550 वर ऐकणारं, दुसरं बरोबर उलटं. दोन्ही सारखीच आणली तर दोघंही बोलत राहतात, ऐकत कोणीच नाही. ही चूक मी मी म्हणणारे करतात.

केबलमध्ये मात्र कंजुषी नको. एका कोअरची गरज असेल तर सहा कोअरची घ्या. मजुरी तीच लागते. काचेत उजेड किलोमीटरला जेमतेम 0.35 डेसिबल घटतो, त्याहून जास्त एखाद्या धूळ बसलेल्या जोडात जातो. उंदरांसाठी पोलादी कवचाची केबल सुचवतील. सूचना वाईट नाही, पण ते पोलाद घरात आणलंत तर ज्या विजेला टाळायला निघालो तीच आत आली. एकतर कवच अर्थ करा, नाहीतर धातू नसलेली केबल घ्या. जोडताना कनेक्टरचं निळं टोक निळ्यालाच, हिरवं हिरव्यालाच.

रस्ता ओलांडायचा तर आधी नगर निगमची परवानगी. विजेच्या खांबाला केबल बांधू नका. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे ती किल्ल्याची. संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे 200 मीटर परवानगीचे, असं 2010 पासून कायदा सांगतो. तेव्हा जमिनीखालून न्यायचा विचार असेल तर कुदळ मारण्याआधी पुरातत्त्व खात्यात विचारून या.

जोड मारायचं यंत्र विकत घेऊ नका. केबलवाल्यांकडे ते असतं, जोडामागे पैसे घेतात. काम झालं की पॉवर मीटरचा आकडा स्वतः बघून भिंतीवर लिहून ठेवा. साध्या एक गिगाच्या मॉड्यूलला उणे पंधरा डीबीएमपर्यंत काळजी नाही. उणे विसाकडे झुकला तर जोड पुन्हा मारायला लावा.

आणि उघड्या टोकाला डोळा लावून ‘उजेड येतोय का’ पाहू नका. हा उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. घरात पोरं असतील तर रिकाम्या कोअरच्या टोकांना टोपणं चढवून जोडाच्या डबीला कुलूप घाला.