बुरशी, भात आणि बंगालचा दुष्काळ: पद्मनाभन यांच्या संशोधनाचा खरा अर्थ

१/ ऑक्टोबर १९४३. बंगाल प्रांतात कवकशास्त्रज्ञ म्हणून नियुक्त झालेले एस. वाय. पद्मनाभन प्रवासात होते. वाटेत त्यांना मृतदेह आणि अन्नावाचून मरणपंथाला लागलेली माणसे दिसली. पिकांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या या माणसाला पुढे एका प्रश्नाने सोडले नाही: या मृत्यूंमागे भाताच्या रोगाचा वाटा किती?

२/ तीस वर्षांनी, १९७३ मध्ये, त्यांनी 'द ग्रेट बेंगॉल फॅमिन' हा शोधनिबंध लिहिला. १९४२ च्या अखेरीस अमन भातावर पडलेला तपकिरी ठिपक्यांचा रोग हे अन्नटंचाईचे मोठे कारण होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमन हे बंगालचे मुख्य पीक. ते हिवाळ्यात कापणीला येते.

३/ हा रोग हेल्मिन्थोस्पोरियम ओरायझी या बुरशीमुळे होतो. तिचे बीजाणू वाऱ्याने पसरतात. पानांवर तपकिरी ठिपके पडतात, दाणे नीट भरत नाहीत. त्या वर्षी पीक फुलोऱ्यात व दाणे भरण्याच्या अवस्थेत असताना उबदार, ढगाळ व दमट हवा टिकून राहिली आणि बुरशीला हवी तशी संधी मिळाली. १६ ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने मेदिनीपूर उद्ध्वस्त केले, ते वेगळेच.

४/ पद्मनाभन यांचा पुरावा बांकुडा आणि चिनसुरा येथील भात संशोधन केंद्रांतला होता. एकाच वाणाचे १९४१ व १९४२ चे उत्पादन त्यांनी शेजारी शेजारी मांडले. उशिरा पिकणाऱ्या वाणांचे नुकसान सर्वाधिक होते; काही वाणांत घट ९० टक्क्यांपर्यंत पोहोचली होती.

५/ या निबंधाचा पुढे एक सोयीस्कर अर्थ लावला गेला: दोष निसर्गाचा, शासन निर्दोष. दुष्काळ चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख दिला होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. एवढ्या मृत्यूंचे उत्तरदायित्व एका बुरशीवर ढकलता येते का?

६/ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये याच्या विरुद्ध टोकाचे विवेचन केले. त्यांच्या हिशेबाने १९४३ मधील धान्यपुरवठा मागील पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ५ टक्केच कमी होता आणि १९४१ पेक्षा तर १३ टक्के अधिक. धान्य होते, युद्धकाळातील भाववाढीमुळे ते विकत घेण्याची शेतमजुरांची व मासेमारांची ऐपत उरली नव्हती.

७/ मात्र सेन यांचा हिशेब सरकारी पीक-अंदाजांवर उभा आहे, आणि हे अंदाज बहुधा नजरेने बांधलेले असत. मार्क टॉगर यांनी नेमके येथेच बोट ठेवून पद्मनाभन यांची आकडेवारी पुन्हा चर्चेत आणली. दुसरीकडे, दोन संशोधन केंद्रांतील वाफे म्हणजे संपूर्ण बंगाल नव्हे. दोन्ही बाजूंच्या पुराव्यांना मर्यादा आहेत.

८/ तरीही 'बुरशी की शासन?' हा प्रश्नच चुकीचा आहे. रोगाची जोखीम मोजताना वनस्पतिशास्त्र दोन गोष्टी विचारते: रोग येण्याची शक्यता किती, आणि आला तर परिणाम किती मोठा? पहिली गोष्ट हवामानाच्या हाती असेल; दुसरी माणसांच्या व्यवस्थेवर ठरते.

९/ ती व्यवस्था कशी होती? मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला. जपानी सैन्याच्या हाती लागू नये म्हणून किनारी जिल्ह्यांतून तांदूळ हलवण्यात आला, हजारो नावा जप्त वा नष्ट करण्यात आल्या. प्रांतांनी एकमेकांशी होणाऱ्या धान्यव्यापारावर बंधने घातली. कलकत्त्यातील युद्धोपयोगी उद्योगांच्या कामगारांना धान्य मिळेल याची तजवीज झाली. खेडी वाऱ्यावर सोडली गेली.

१०/ आणखी एक बाब फारशी कुणी लक्षात घेत नाही. तपकिरी ठिपक्यांचा रोग पोषणद्रव्ये कमी असलेल्या, कस गेलेल्या जमिनीतील भाताला अधिक ग्रासतो. सकस जमिनीतले पीक त्याला बऱ्यापैकी तोंड देते. म्हणजे ज्याला 'नैसर्गिक' कारण म्हणायचे, तेही जमिनीच्या आणि ती कसणाऱ्याच्या दारिद्र्यापासून सर्वस्वी वेगळे नाही.

११/ म्हणून पद्मनाभन यांचा निबंध शासनाची निर्दोष मुक्तता करत नाही. उलट आरोपपत्रात एक कलम वाढवतो. रोगाची लक्षणे १९४२ च्या अखेरीस पानांवर दिसत होती. मृत्यूंचे प्रमाण शिगेला पोहोचले ते १९४३ च्या उत्तरार्धात. मधले महिने हाताशी होते. पीक किती बुडाले हे नीट मोजणारी यंत्रणा मात्र नव्हती, आणि दुष्काळ संहितेनुसार बंगालमध्ये दुष्काळ अखेरपर्यंत जाहीरच झाला नाही.

१२/ १९४६ मध्ये कटक येथे केंद्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली, ती याच दुष्काळाच्या धड्यातून. पद्मनाभन पुढे तिचे संचालक झाले. भाताच्या पानावरचा ठिपका वेळेत पाहणे आणि त्याची वार्ता धान्याच्या कोठारापर्यंत पोहोचवणे, ही दोन्ही राज्यकर्त्यांचीच कर्तव्ये आहेत. १९४३ च्या बंगालमध्ये दोन्ही पार पडली नाहीत, आणि त्याची किंमत ज्यांनी भात पिकवला त्यांनीच मोजली.