मागे राहिलेल्यांची कविता

परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ ७ सप्टेंबर १९५३ रोजी अवघ्या चाळिशीत अचानक गेले. अशा मरणाबद्दल लिहिताना मराठी कविता बहुधा जगावर रुसते. भा. रा. तांबे यांच्या प्रसिद्ध कवितेतला माणूस लोक आपल्याला किती लवकर विसरतील याचा हिशेब मांडतो आणि मग स्वतःचीच समजूत घालतो. हिशेब खरा, पण जाणाऱ्याच्या बाजूचा. जात्यावरच्या ओवीत मागे राहिलेली बोलते. गेलेल्या भावाचं नाव घेत ती जात्यात वैरण घालते, कारण सकाळी भाकरी तर लागणारच. दळण थांबलं नाही म्हणून तिचं दुःख उणं, असं कोण म्हणेल?

आक्षेप येईल, की कर्जापायी गळफास घेतलेल्या शेतकऱ्याच्या दारात ‘जगणं चालूच राहतं’ म्हणणारी कविता सरकारच्या सोयीची. तेवढ्यावरच थांबली तर ती सोयीचीच. पण मृग बरसल्यावर तिफण कोणी धरायची, सातबारा कोणाच्या नावावर, मदतीचं प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे कवितेत आलं की तिचं सांत्वन संपतं आणि जाब सुरू होतो. चंद्रतारे तसेच उगवल्याची खंत आपण पुष्कळ वाचली. मराठवाड्याच्या कवीने आता तहसीलच्या खेपांबद्दल अधिक लिहावं.