सतरा सप्टेंबरच्या ओळीखाली गावाचं नाव

येत्या 17 सप्टेंबरला नांदेड-लातूरच्या शाळाशाळांतून झेंडावंदन होईल आणि फळ्यावर दिनविशेष लिहिला जाईल. त्या तारखेचा दिनविशेष मोठा भरगच्च आहे. 1879 साली इरोडला पेरियार जन्मले, 1885 साली पनवेलला प्रबोधनकार ठाकरे. पंढरपूरचे चित्रकार एम. एफ. हुसेन 1915चे, पंतप्रधान नरेंद्र मोदी 1950चे. कवी वसंत बापट 2002 साली याच दिवशी गेले. 1939 साली याच तारखेला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या आणि आधीच जर्मनीशी लढणारा तो देश दोन्हीकडून चिरडला गेला. आणि याच यादीत एक ओळ आपली: 1948, हैदराबाद संस्थान मुक्त झालं.

एका देशाचं स्वातंत्र्य हिरावलं गेलं तीच तारीख नऊ वर्षांनी दुसऱ्या एका प्रदेशाच्या स्वातंत्र्याची ठरली. दिनविशेषाचं बळ यात आहे. दूरदूरची माणसं, दूरदूरचे प्रसंग तो एका रांगेत बसवतो आणि मुलांना जग किती मोठं आहे ते कळतं. पण प्रत्येकाच्या वाट्याला तो एकच ओळ देतो. इरोड किंवा पोलंडबद्दल आपल्या मुलांना एका ओळीवर थांबता येईल. 1948च्या ओळीवर थांबता येणार नाही, कारण ती त्यांच्या पणजोबांची ओळ आहे.

या ओळीत काय काय दडलं आहे ते पाहा. 15 ऑगस्ट 1947 नंतर आणखी तेरा महिने हैदराबाद संस्थानातला मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला. सरहद्दीपलीकडे, उमरखेडसारख्या ठिकाणी, लढ्याचे कॅम्प उभे राहिले. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील होता. म्हणजे हा झगडा इथल्याच पेठांतून आणि गल्ल्यांतून वाढला. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ लढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे 1946 सालीच मारले गेले. उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा करण्यात आला. उदगीरजवळचं हत्तीबेट सशस्त्र लढ्याचं ठाणं बनलं. कंधार तालुक्यात कल्हाळीच्या गावकऱ्यांनी रझाकारांशी लढत प्राण दिले. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या, 17 तारखेला निजामाने हार मानली आणि दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली.

ही ओळ 17 तारखेला संपतही नाही. ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लष्करी कारवाईनंतरच्या दिवसांत संस्थानातल्या अनेक गावांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. 1948च्या अखेरीस नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं लिहिली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. समितीचा अंदाज किमान 27 ते 40 हजार बळींचा होता आणि तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. रझाकारांनी जाळलेली घरं आणि नंतर जाळली गेलेली घरं बरेचदा एकाच तालुक्यातली आहेत. मुक्तीचा अभिमान खरा आहे आणि हे दुःखही खरं आहे. यातलं एक सांगून दुसरं गिळणं मुलांशी अप्रामाणिकपणाचं होईल.

आता गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून बघा. ‘रझाकारात आम्ही गाव सोडून पळालो’, ‘पोलीस ॲक्शन झाली तवा मी गुरं राखायचो’ असं ते सांगतात. त्यांच्या आठवणीत माणसं आहेत, वाट आहे, विहीर आहे. तारीख मात्र नाही. स्वतःच्या जन्माचीही नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून टाकली तीच आयुष्यभर कागदोपत्री चालली. निजामाच्या राज्यात सरकारी कागदांवर फसली सन होता; मेहर, आबान असे महिने होते. बाकी सगळं रझाकार, बहात्तरचा दुष्काळ, भूकंप अशा खुणांवर मोजलं गेलं. तिकडे फळ्यावर तारीख आहे, पण गाव नाही. इकडे गाव आहे, पण तारीख नाही. या दोघांची गाठ घालून देणं हे काम आपलं आहे.

सप्टेंबरातलीच दुसरी एक तारीख लातूर जिल्ह्याला कुणी शिकवावी लागत नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादची बावन्न गावं भुईसपाट झाली, हजारो माणसं गेली. किल्लारी परिसरात आजही कुणाच्या घरचं कोण गेलं हे नावानिशी सांगितलं जातं. गावाने स्वतःची माणसं मोजली, म्हणून ती तारीख जिवंत राहिली. सतरा सप्टेंबरच्या बाबतीत हे मोजणं आपण भाषणांवर सोपवलं आणि 1948 साली दहा वर्षांचे असलेले लोक आता पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहेत.

म्हणून एक मागणी करतो. नांदेडचं विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झालं आणि त्याला नाव आहे स्वामी रामानंद तीर्थांचं. स्वामीजी मुळात शाळामास्तर. हिप्परग्याच्या आणि पुढे अंबाजोगाईच्या शाळेत त्यांनी मुलं घडवली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली महाविद्यालयं या विद्यापीठाशी जोडलेली आहेत. विद्यार्थी गावोगावचे आहेत. विद्यापीठाने आपल्या वर्धापनदिनानिमित्त त्यांना एकच काम द्यावं: आपल्या गावातल्या सर्वांत वयस्क माणसाकडून 1948 सालची हकिकत ऐकून रेकॉर्ड करायची, हुतात्मा स्मारकावरच्या नावांशी आणि जुन्या फसली कागदांशी ती ताडून पाहायची आणि जुळेल तेवढीच लिहायची. फसली महिन्यांचा मेळ घालायला इतिहासाच्या आणि उर्दूच्या प्राध्यापकांनी एकत्र बसावं. हकिकत मराठ्याची असो, मातंगाची, लिंगायताची की मुसलमानाची, ती सारख्याच काळजीने उतरवावी. बायकांना आवर्जून विचारावं. कॅम्पला भाकरी कुणी पोचवली आणि रात्री पोरं घेऊन कोण पळालं हे त्यांनाच ठाऊक आहे.

यातून ज्या गावाला आपली तारीख सापडेल त्या गावच्या शाळेने ती दरवर्षी फळ्यावर लिहावी. मग ती मे महिन्यातली निघो की ऑक्टोबरातली. पेरियार, प्रबोधनकार, हुसेन यांच्या ओळी राहू द्याव्यात, त्या मुलांच्या हक्काच्याच आहेत. पण सतरा सप्टेंबरच्या ओळीखाली त्या गावातल्या एका तरी माणसाचं खरं नाव असावं. ते शोधून काढायला आपल्या हातात फार वर्षं उरलेली नाहीत. सुरुवात याच सप्टेंबरपासून व्हावी.