दृष्टिहीन विधिज्ञ आणि पात्रतेचा जुना प्रश्न

१/१२
इ.स. १७५४ मध्ये लंडनमधील बो स्ट्रीट न्यायालयाची सूत्रे एका पूर्णपणे दृष्टिहीन दंडाधिकाऱ्याच्या हाती आली. मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेचा नियम मात्र २०२५ पर्यंत दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी उमेदवारांना न्यायाधीशपदापासून दूर ठेवत होता. दृष्टिहीन व्यक्ती न्यायदान करू शकते का, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने केव्हाच दिले आहे. तरीही तो पुनःपुन्हा का विचारला जातो, याचा हा थ्रेड.

२/१२
सर जॉन फील्डिंग (१७२१–१७८०) हे कादंबरीकार हेन्री फील्डिंग यांचे सावत्र बंधू. नौदलात असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी झालेल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. हेन्री यांच्यानंतर बो स्ट्रीटचे न्यायालय त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. ब्रेल लिपीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. केवळ आवाजावरून ते तीन हजार गुन्हेगार ओळखत, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

३/१२
या आख्यायिकेने त्यांचे खरे काम झाकोळले. चोरीला गेलेला माल आणि फरारी संशयित यांची वर्णने एकत्र करून ती ठिकठिकाणच्या दंडाधिकाऱ्यांना छापील पत्रकांद्वारे पाठवण्याची व्यवस्था फील्डिंग यांनी उभारली. इंग्लंडमधील ‘पोलीस गॅझेट’चा उगम याच पत्रकांत आहे. त्यांचे सामर्थ्य पद्धतीत होते; लोकांनी ते कानांच्या चमत्कारात शोधले. चमत्काराची कथा ऐकायला रम्य असते, पण तिच्यातून एक घातक निष्कर्ष निघतो : असा दिव्य पुरुष असेल, तरच त्याने न्यायासनावर बसावे.

४/१२
विसाव्या शतकातील जेकोबस टेनब्रोक (१९११–१९६८) यांची कथा निराळी आहे. किशोरवयात त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. पुढे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ते प्राध्यापक झाले, राज्यघटनेचे भाष्यकार म्हणून मान्यता पावले आणि १९४० मध्ये त्यांनी अमेरिकेत ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ ही संघटना स्थापन केली. १९४९ मध्ये जोसेफ टसमन यांच्यासह त्यांनी कायद्याच्या समान संरक्षणावर एक दीर्घ लेख लिहिला. त्याचे पडसाद भारतापर्यंत पोहोचले.

५/१२
लेखाचा गाभा असा. प्रत्येक कायदा माणसांचे वर्ग पाडतो. तो वर्ग कायद्याच्या उद्दिष्टाशी कितपत जुळतो, हे तपासले पाहिजे. उद्दिष्टाशी संबंध नसलेली माणसे वर्गात ओढली गेली, तर न्यायशास्त्राच्या भाषेत ती अतिव्याप्ती. संबंध असलेली बाहेर राहिली, तर अव्याप्ती. गुजरात राज्य विरुद्ध अंबिका मिल्स (१९७४) या निकालात न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी याच लेखाच्या आधारे अनुच्छेद १४ मधील समानतेची चर्चा केली. भारतातील समानतेच्या कायद्याची एक कसोटी अशा रीतीने एका दृष्टिहीन विधिज्ञाच्या लेखणीतून आली आहे.

६/१२
भारतातही हे क्षेत्र कधी रिकामे नव्हते. कोलकात्याचे बॅरिस्टर साधन गुप्ता यांची दृष्टी देवीच्या रोगाने बालपणीच गेली. श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागेवर १९५३ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेवर निवडून आले. संसदेतील कारकिर्दीनंतरही त्यांची वकिली चालू राहिली आणि १९८६ मध्ये ते पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. म्हणजे दृष्टिहीन व्यक्ती राज्य सरकारची सर्वोच्च विधी अधिकारी होऊ शकते, हे भारताने तेव्हाच पाहिले होते.

७/१२
डर्बनमधील भारतीय वंशाच्या कुटुंबात जन्मलेले झॅक याकूब सोळा महिन्यांचे असताना मेंदूज्वराने दृष्टिहीन झाले. वर्णभेदी राजवटीत त्यांनी राजकीय खटले लढवले. १९९८ ते २०१३ या काळात ते दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाचे न्यायाधीश होते. २००० सालचा ग्रूटबूम खटल्याचा एकमुखी निकाल त्यांच्या लेखणीतला. डोक्यावर छप्पर नसलेल्या, अत्यंत निकडीच्या स्थितीतील लोकांसाठी वाजवी योजना आखणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे त्यात ठरले. घराच्या हक्काविषयी जगात कुठेही चर्चा निघाली, की या निकालाचा उल्लेख होतो.

८/१२
दंडाधिकारी, प्राध्यापक, महाधिवक्ता, घटनात्मक न्यायाधीश : चौघांची कामे वेगळी, देश वेगळे, विचारसरणीही वेगळ्या. त्यांना जोडणारी गोष्ट साधी आहे. कायदा हा मुख्यत्वे शब्दांचा व्यवसाय आहे. शब्द वाचून दाखवता येतो, ब्रेलमध्ये उतरवता येतो, आज संगणकाकडून ऐकताही येतो. अडचण शब्दाची कधीच नव्हती. तो पोहोचवण्याच्या सोयीची होती.

९/१२
असे असूनही व्ही. सुरेंद्र मोहन प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील दिवाणी न्यायाधीशपदासाठी दृष्टिबाधेची ५० टक्क्यांची कमाल मर्यादा वैध ठरवली. न्यायाधीशाला ऐकणे, पाहणे व बोलणे या क्षमता वाजवी प्रमाणात हव्यात, असा त्यामागचा तर्क होता. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. साक्षीदाराचा चेहरा, वादग्रस्त सही, जागेचा नकाशा यांचे काय करायचे?

१०/१२
अपिलात बसणारा न्यायाधीश बहुतेक वेळा साक्षीदाराचे तोंडही पाहत नाही; तो नोंदीवरून निर्णय देतो. हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे यांसाठी तज्ज्ञाचे मत घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. नकाशाचे वर्णन खुल्या न्यायालयात नोंदवता येते. सारा निवाडा एखाद्या छायाचित्रावरच अवलंबून असेल, तर ते प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशाकडे वर्ग करता येते. डोळस न्यायाधीशालाही लघुलेखक आणि शिरस्तेदार लागतातच; त्याला कोणी परावलंबन म्हणत नाही. टेनब्रोक यांची कसोटी लावली, तर सरसकट बंदीत दोन्ही दोष सापडतात : ती कर्तबगार दृष्टिहीनांना बाहेर ठेवते आणि अकार्यक्षम डोळसांना अडवत नाही.

११/१२
विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग (२०२१) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की २०१९ च्या निकालात वाजवी सोयीच्या तत्त्वाचा विचार झाला नव्हता आणि म्हणून तो बंधनकारक दाखला ठरत नाही. त्यानंतर एका दृष्टिबाधित उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्रावरून सुरू झालेल्या प्रकरणात ३ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला व न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या खंडपीठाने मध्य प्रदेशचा नियम ६-अ दृष्टिहीन व अल्पदृष्टी उमेदवारांना वगळतो तेवढ्यापुरता रद्द केला. केवळ अपंगत्वामुळे कोणालाही न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, हे आता निःसंदिग्ध झाले.

१२/१२
नियम गेला, तरी भिंत पूर्ण पडलेली नाही. प्रतिमा म्हणून स्कॅन केलेल्या पानापुढे स्क्रीन रीडर मुका होतो, आणि तसे प्रत्येक पान दृष्टिहीन वकिलासाठी बंद दारच असते. मुंबईतील दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकेसह दिलेल्या ३० एप्रिल २०२५ च्या निकालाने डिजिटल सेवांची सुगमता अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानली. तोच न्याय न्यायालयांच्या स्वतःच्या फायलींना लागू व्हायला हवा. प्रत्येक दस्तऐवज वाचता येईल अशा स्वरूपात दाखल व्हावा आणि वाचक-साहाय्यकाचे वेतन शासनाने द्यावे. फील्डिंग यांच्याविषयीच्या आख्यायिका पुष्कळ झाल्या. सामान्य बुद्धीच्या, मेहनती, दृष्टिहीन तरुणाला सामान्य न्यायाधीश होता येईल, त्या दिवशी हा जुना प्रश्न खऱ्या अर्थाने निकाली निघेल.