अब्दुलचं घर कुठं आहे?

मालिकांवर मतं द्यायची तर आधी आमची पात्रता सांगितलेली बरी. नेमाने टीव्ही बघणं आम्हाला जमत नाही. शाळेतून आल्यावर वह्यांचा गठ्ठा, मग मगरीब, मग भाताचं आधण. या सगळ्यात समोर जे चालू असेल ते अर्धं कानांनी आणि पाव डोळ्यांनी घ्यायचं, असा आमचा प्रकार. पावसाळ्यात चामोर्शीत वीज गेली की तेही राहून जातं आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरी आम्हाला कथानक सांगतात. तेव्हा जाणकाराचं मत म्हणून हे कोणी वाचू नये. एवढंच आहे की रोज बघणारा गोष्टीत गुंतलेला असतो. आमच्यासारख्या येता-जाता बघणाऱ्याला भिंतीचा रंग, ताटातलं जेवण आणि माणसांचं बोलणं जास्त दिसतं.

अशाच येता-जाता बघण्यातून 'तारक मेहता का उल्टा चश्मा' आमच्या ओळखीची झाली. २००८ च्या जुलैत सुरू झालेली ही मालिका संपायचं नाव घेत नाही. तिचं मूळ गुजरातीत आहे. तारक मेहता 'चित्रलेखा' साप्ताहिकात सदर लिहीत, त्यावर ती बेतलेली. सदरावरून मालिका निघते हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमचे कान टवकारले होते. अजून कोणाचा फोन आलेला नाही. असो.

गोकुळधाम सोसायटी म्हणजे छोटा हिंदुस्थान, असं ही मालिका दाखवते. जेठालालचं गुजराती कुटुंब, भिडे मास्तरांचं मराठी, सोढींचं पंजाबी, तमिळ अय्यर आणि त्यांची बंगाली बायको. भिडे मास्तरांवर आमचा विशेष लोभ आहे. शिकवण्या घेऊन घर चालवणारा, स्कूटरला जिवापाड जपणारा, पै-पैचा हिशेब ठेवणारा मास्तर पडद्यावर सहसा भेटत नाही. आणि मग अब्दुल. सोसायटीच्या तोंडाशी त्याचं जनरल स्टोअर. रात्री पुरुषमंडळी तिथं जमतात, सोडा पितात, एकमेकांची गाऱ्हाणी ऐकतात. अब्दुल प्रामाणिक, मदतीला धावणारा, सगळ्यांचा लाडका.

पण आम्ही पाहिलेल्या भागांत अब्दुलचं घर काही दिसलं नाही. दुकानाचं शटर ओढून तो जातो कुठं? त्याच्या घरी आई आहे का, तिचे गुडघे दुखतात का, मुलीची फी भरायची राहिली आहे का? बाकीच्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही इतक्यांदा जाऊन आलो की डबे कुठं ठेवलेत ते सांगू शकू. अब्दुलला मालिकेने चांगला माणूस केलं, त्याबद्दल शुक्रिया. मात्र चांगल्या माणसालाही रात्री कुठंतरी जाऊन चपला काढाव्या लागतात.

यापूर्वी, १९८६ साली, दूरदर्शनवर 'नुक्कड' लागायची. तिच्यात कादरभाईंचं हॉटेल होतं. तिथं आमची काही तक्रार नव्हती, कारण त्या कोपऱ्यावर घर असं कोणाचंच नीट दिसत नव्हतं. दारुडा खोपडी, विजेची कामं करणारा गुरू, सायकल दुरुस्त करणारा हरी आणि कादरभाई, सगळे सारखेच कडके. गरिबी सर्वांना समान वाटलेली होती.

पुढच्या काळात आमच्या लोकांची घरं दिसू लागली, पण ती घरं नव्हती, कोठ्या होत्या. 'क़ुबूल है' २०१२ मध्ये झी टीव्हीवर आली, गोष्ट भोपाळची. नायिका हसतमुख होती, पोशाख देखणे होते, आणि मुसलमान घरातली मुलगी फटकळ, शिकलेली दाखवली हे चांगलंच झालं. पण ती झुंबरं, ते जिने! अम्मी दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "इत्ते बड़े घर में झाड़ू कौन मारता?" त्यानंतर आमच्या घरात ती मालिका गंभीरपणे कोणी बघू शकलं नाही.

कोठीबरोबर कोठीची भाषाही येते. प्रत्येकजण आदाब करतो, प्रत्येक वाक्य अत्तरात बुडवून काढलेलं. आम्ही उर्दू शिकवतो, त्या जबानीवर आमचा जीव आहे. तरी सांगतो, चामोर्शीत घरात कोणी असं बोलत नाही. आमची घरची बोली म्हणजे मेरेको-तेरेको. दाराबाहेर पाऊल टाकलं की झाडीबोली सुरू, 'का करून रायला गा?' बाजारात धानाचा भाव याच बोलीत ठरतो, कोर्टकचेरी पुस्तकी मराठीत होते, आणि नमाजेनंतरची दुआ अरबीत. एकाच माणसाच्या तोंडात दिवसभरात चार भाषा येऊन जातात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. पडद्यावर मात्र दोनच सोयी आहेत. हिंदीत असेल तर लखनौ, मराठीत असेल तर मोडकंतोडकं. मराठी मालिकेत किंवा नाटकात मुसलमान आला की तो 'हम बोलता है' अशा थाटात का बोलतो, हे कोडं आम्हाला सुटलेलं नाही. असं बोलणारा मुसलमान गडचिरोली जिल्ह्यात आम्हाला अजून भेटायचा आहे.

याचं लोण शाळांपर्यंत येतं. आमच्या ओळखीच्या एका शाळेत स्नेहसंमेलनाच्या नाटिकेत स्मगलरचं काम एका मुलाला दिलं, कारण काय तर 'त्याला उर्दू येते'. गळ्यात हिरवा रुमाल, डोळ्यांत बोटभर सुरमा. मुलगा हौशी, त्याने टाळ्या घेतल्या. घरी जाऊन आईला विचारलं, "अम्मी, अपने घर में सुरमा कौन लगाता?" कोणीच लावत नव्हतं. त्याचा बाप राईस मिलमध्ये हमाली करतो.

भाषेचं काम समजून करणारा माणूस असला तर काय होतं, हे 'महाभारता'त दिसलं. बी. आर. चोप्रांची ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झाली. तिचे संवाद डॉ. राही मासूम रझा यांनी लिहिले, 'आधा गाँव' लिहिणारे गाझीपूरचे. पिताश्री, माताश्री, भ्राताश्री हे शब्द त्यांनी अब्बाजान, अम्मीजान, भाईजानच्या चालीवर घडवले, असं सांगतात. वर्गात हे सांगितलं की मुलं आधी हसतात, मग ते शब्द पुन्हा म्हणून बघतात. घरात थोरल्यांना लिहाजाने हाक कशी मारतात ते रझासाहेबांना ठाऊक होतं. तो लिहाज त्यांनी हस्तिनापुरात नेऊन ठेवला आणि देशाला तो परका वाटला नाही. काळालाच निवेदक करायची युक्तीही त्याच मालिकेतली. इतक्या मोठ्या ग्रंथाचं रूपांतर करायचं तर गोष्ट पुढं सरकवायला कोणीतरी हवं, आणि कोणा एका माणसाला ते पेललं नसतं.

आता आमच्या आवडत्या मालिकेकडे येतो. जून २०१४ मध्ये 'ज़िंदगी' नावाची वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर 'ज़िंदगी गुलज़ार है' लागली. उमेरा अहमद यांच्या कादंबरीवरून केलेली पाकिस्तानी मालिका, अवघे २६ भाग. २६ भागांत गोष्ट संपते हेच आमच्याकडे नवल होतं. त्यातली आई, राफिया, शाळेत शिकवते. मुलगा होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरं लग्न केलं, ही तीन मुलींना घेऊन वेगळी राहते, शिकवण्या घेते, विजेच्या बिलाची चिंता करते. थोरली कशफ चिडकी, हुशार, सरकारी परीक्षा देऊन अधिकारी होते. आमच्या तालुक्यात अभ्यासिकेत बसणाऱ्या कितीतरी मुलींनी ही मालिका मोबाईलवर पाहिली आहे आणि त्यांना ती परदेशची वाटली नाही. शेजारपाजार, फाटका पडदा, धुतलेले पण विटलेले दुपट्टे. कोणी कोणाला उगाच आदाब करत नव्हतं.

दोष नाही असं नाही. लग्नानंतर झारूनच्या सगळ्या अटी-शर्ती हळूहळू गोड केल्या जातात आणि समजूत घालायची वेळ आली की कशफचीच घातली जाते. जी मुलगी वीस भाग प्रश्न विचारत होती तिला शेवटी शुक्रगुजार व्हायला शिकवतात. आमच्या घरी यावर दोन तट पडले होते. अम्मींना शेवट पसंत, धाकटीला नापसंत, आम्ही धाकटीच्या बाजूचे. सप्टेंबर २०१६ नंतर त्या वाहिनीवरच्या पाकिस्तानी मालिका बंद झाल्या. दोन देशांच्या भांडणावर आम्ही इथं काय बोलावं? पण आम्हाला हे जाणवलं की टीव्हीवरचं साधं मुसलमान घर बघायला आम्हाला सरहद्दीपलीकडे जावं लागलं होतं, आणि ती खिडकी बंद झाल्यावर इकडे तसं घर कोणी बांधलं नाही.

मराठीत प्रयत्न झालाच नाही असं म्हणता येणार नाही. राजन खान यांच्या कथेवरून शिवाजी लोटन पाटील यांनी 'हलाल' हा चित्रपट केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो लागला. तीन तलाकवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षी २२ ऑगस्टला आला होता. तलाक झालेल्या जोडप्याला पुन्हा एकत्र यायचं आहे, त्यासाठी मधे मौलानाशी लग्न लावायचं ठरतं, आणि माणसांची मनं काही ठरल्याप्रमाणे वागत नाहीत. चित्रपटातली मुसलमान माणसं गावाकडची मराठी बोलतात, याने आम्हाला बरं वाटलं. मौलानाही कोणी राक्षस नाही, भला आणि अडकलेला माणूस आहे. ठरवून केलेल्या हलाल्यावर हदीसमध्ये लानत आली आहे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणजे चित्रपट ज्या गोष्टीवर बोट ठेवतो तिच्यावर आपल्याकडे आधीच बोट ठेवलेलं आहे. लेखक घरातला, दुखणं खरं, मग चित्रपटावर रागावायचं कशाला?

आमची अडचण वेगळीच आहे. मराठी पडदा इतक्या वर्षांनी आमच्या दारात आला आणि आल्या आल्या त्याने तलाकची चौकशी केली. त्याच्या आजूबाजूला आमच्या घरांचे दहा-वीस मराठी चित्रपट असते, एखाद्यात बाप कर्ज फेडतोय, एखाद्यात म्हातारा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घाबरतोय, तर 'हलाल' त्यातला एक झाला असता. एकट्याच चित्रपटावर साऱ्या समाजाची ओळख करून द्यायचा बोजा पडला, यात चित्रपटाचा काय दोष?

हा बोजा शेवटी कोणाच्या डोक्यावर येतो, ते आमच्या भाचीने आम्हाला दाखवलं. ती शिकायला नागपूरला गेली. एका ठिकाणी खोली पसंत पडली, आगाऊ भाड्याचं बोलणं झालं, मग घरमालकीणबाईंनी नाव विचारलं. बाई वाईट नव्हत्या, चहा केला होता. त्यांनी विचारलं, तुमच्यात रोज मटण लागतं ना? घरात बायका किती असतात? तू इतकं चांगलं मराठी कुठं शिकलीस? भाची म्हणाली, "चामोर्शीत." बाईंना वाटलं ती थट्टा करते. खोली मिळाली नाही. पुढं दुसरीकडे मिळाली. फोनवर ती म्हणाली, "खाला, त्या काकूंनी आपल्यासारखं घर कधी आतून पाहिलंच नव्हतं." काकूंना पाहायला मिळणार तरी कुठं? रोज रात्री त्या जे बघत असतील त्यात कोठी असेल, तलाक असेल, नाही तर दुकान असलेला आणि घर नसलेला अब्दुल असेल.

मराठीत साध्या घराची मालिका करता येत नाही असंही नाही. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' झाली, तेव्हा त्या घरात आबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं एवढंच होतं. पगार, परीक्षा, पाहुणे, रुसवे. त्यावर लोकांनी जीव टाकला. टिपऱ्यांच्या जागी शेख किंवा पठाण घातले तर कथेत फार काही बदलावं लागणार नाही. रमजानमध्ये सहरीला कोण उठवतं यावर दोन भाग सहज निघतील. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ ची. त्यांच्या इतर मतांवर या पानावर भांडण नको, पण कोकणातलं मुसलमानांचं गाव मराठी कादंबरीत कसं उभं करता येतं हे त्यात आहे. लिहिणारे आहेत. बघणारे तर आहेतच.

आमच्या भागात टीव्हीच्या आधीपासून झाडीपट्टीची नाटकं आहेत. दिवाळी झाली की होळीपर्यंत वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने रात्री पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा जिल्ह्यातल्या साऱ्या लोकांना आपल्याच घरात काहीतरी आल्यासारखं झालं होतं. झाडीपट्टीतही भडक प्रकार खूप असतात, रडारड फार असते. पण नटाला समोर कोण बसलंय ते दिसतं. मांडवात आमचे लोकही असतात, गोंड असतात, बंगाली वस्त्यांतले असतात, तेलुगू असतात. वावगं बोललं की मांडव लगेच थंड पडतो आणि नट पुढचं वाक्य सावरून घेतो. मुंबईत बसून लिहिणाऱ्याला हा मांडव दिसत नाही.

यंदा आमच्या वर्गातली मुलं स्नेहसंमेलनासाठी वीस मिनिटांची नाटिका स्वतः लिहीत आहेत. घर शेख कुटुंबाचं. दहावीचा निकाल लागायचा आहे, कवेलू गळतायत, मूलहून फुफी अचानक आली आहे आणि शेजारची बंगाली मावशी मासोळी घेऊन दारात उभी आहे. सात पानं झाली. भांडण एकाच गोष्टीवर अडलं आहे, नानीने उर्दूत बोलायचं की झाडीबोलीत. नानीचं काम करणारी पोरगी घरी गोंडी बोलते. ती म्हणते, दोन्ही पाठ करते, स्टेजवर जे तोंडात येईल ते येईल.